खोट्या शिक्क्याचे रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. माझ्या नळीवर 'हॅल्डन' असा कंपनीचा शिक्का आहे आणि तो खोटा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यानेच केला.

माझा जन्म अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला. केलर नावाच्या दोन भावांचा तिथे लहानसा कारखाना होता. धाकट्याने माझी अक्रोडाच्या लाकडाची मूठ घासून घासून हाताला गोड केली. मग एकोणीस वर्षे मी बँकेच्या एका पहारेकऱ्याच्या कमरेला होते. सराव सोडला तर गोळी झाडायची वेळ त्याच्यावर कधी आली नाही. पुढे तो वारला, केलरांचा कारखानाही बंद पडला. एका व्यापाऱ्याने माझे नाव कानशीने घासून काढले आणि हा शिक्का मारला. हॅल्डनला गिऱ्हाईक होते, केलरला नव्हते.

त्याच्याच दुकानातून मी वायोमिंगच्या ऑर्विल टॅकेटकडे आले. ऑर्विल निवृत्त पोस्टमन. त्याच्या कपाटात चौदा रिव्हॉल्व्हर, सगळी हॅल्डनचीच. डोक्यावरची टोपी हॅल्डनची, कॉफीचा मगसुद्धा. वडील हॅल्डन वापरायचे, एवढे कारण त्याला पुरे होते. त्याचा तीस वर्षांचा मित्र लीलँड पूल याचे कपाट मात्र धर्मशाळा. कंपनी कुठली हे तो विचारतच नसे, हाताला बरे वाटले की ठेवून घेई. दर रविवारी ऑर्विलची बायको ग्लेना नाश्ता करी आणि हे दोघे एकमेकांच्या आवडीची टर उडवत.

ऑर्विलला मी फार आवडले. इतर चौदांपेक्षा जास्त. पण लीलँडने मला उजेडात धरले आणि म्हणाला, "ऑर्व्ह, मूठ झकास आहे. शिक्का मात्र मला पटत नाही."

ऑर्विलने मला त्याच्या हातून काढून घेतले. त्या दिवसापासून घरातली हवा बदलली. लीलँडला मी हवे आहे, म्हणून तो माझ्यात खोट काढतो, असे ऑर्विलच्या मनाने घेतले. त्यातच कुणीतरी सांगितले, की लीलँड त्या व्यापाऱ्याच्या दुकानात दिसला होता. झाले! ऑर्विलने कपाटाचे कुलूप बदलले. रविवारचा नाश्ता बंद झाला. तो रोज मला बाहेर काढी, शिक्क्यावरून भिंग फिरवी आणि परत ठेवी. मुठीच्या लाकडाखाली कारखान्याचे खरे नाव असते, पण तिथे पाहायचे धाडस त्याला होईना. मला सगळे ठाऊक होते, पण मला वाचा नव्हती.

तीन महिन्यांनी ग्लेनाने स्वयंपाकघराच्या टेबलावर फडके पसरले. "तू उघडत नाहीस ना? मग मी उघडते," ती म्हणाली. तिने स्क्रू काढला, लाकूड बाजूला केले. आत बारीक अक्षरांत लिहिले होते : केलर बंधू.

ऑर्विलने भिंग लावून ती अक्षरे वाचली. मग त्याने विचारले, "मग लीलँड त्या दुकानात कशाला गेला होता?"

"त्या माणसाला झापायला. ऑर्विलला फसवलंस, वस्तू परत घे म्हणून. तुला कमीपणा वाटेल, म्हणून मला गप्प राहायला सांगितलं त्यानं."

त्याच दुपारी ऑर्विल मला घेऊन लीलँडकडे गेला. त्याने माझे गोळ्यांचे चक्र उघडून, रिकामे असल्याचे दाखवून मला त्याच्यासमोर ठेवले. "हे हॅल्डन नाही," तो मान खाली घालून म्हणाला.

"माहीत आहे मला. पण आवडतं ना तुला?"

"आवडतं. तेच तर खुपत होतं रे."

लीलँड हसला आणि त्याने दोन कप कॉफी ओतली. मित्रांनो, त्यानंतर त्यांना फक्त चार रविवार मिळाले. लीलँडची छाती अधू झाली होती, म्हणून त्याची मुलगी त्याला कोरड्या हवेसाठी अ‍ॅरिझोनाला घेऊन गेली. वाया गेलेले बारा रविवार ऑर्विल अजून बोलून दाखवतो.

आता मी त्याच चौदांच्या शेजारी कुलपात असते. माझ्याखालच्या चिठ्ठीवर त्याने स्वतः 'केलर' असे लिहिले आहे. महिन्यातून एकदा तो मला तेल देतो, तेवढे मला पुरते.

मुलांनो, माझ्यासारखे काही कुठे पडलेले दिसले तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि मोठे झाल्यावर आवडीच्या वस्तू खुशाल जमवा. पण वस्तूपायी माणसाचा संशय आला, तर तो मनात मुरू देऊ नका. त्याच्या दारी जा आणि त्यालाच विचारा. तो तिथे आहे तोवरच विचारा.