बाई माझ्यावर बसतच नाहीत

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. चौथीच्या वर्गात, फळ्याच्या डाव्या अंगाला माझी जागा. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जळका आहे. लाकडाला तो परवडत नाही हे मला कळतं, पण कळून उपयोग काय?

मला घडवणारा सुतार भारी हौशी होता. माझे हात त्याने इतके घासले, की त्याची बायको म्हणाली, एवढं कौतुक घरातल्या पोरांचं केलं असतं तर बरं झालं असतं. पुढे मी शाळेत आले आणि सर माझ्यावर बसू लागले. ते सकाळी बसत, ते शेवटच्या घंटेलाच उठत. वह्या घेऊन मुलंच माझ्यापुढे रांग लावत. 'सरांची खुर्ची' म्हणून माझा काय दरारा होता! सर निवृत्त झाले, त्या दिवशी माझ्या हातावरून हात फिरवून गेले.

त्यांच्या जागी बाई आल्या. तरुण होत्या, नोकरी अजून कायम व्हायची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावर पर्स ठेवली, वर डबा ठेवला, आणि बसायचं राहूनच गेलं. ते कायमचंच.

बाईंना बसायला सवड कुठली! हजेरी घेता घेता दोघांची पेन्सिलीवरून जुंपायची. ती सोडवावी, तर तिसऱ्याच्या नाकातून रक्त यायचं. त्याला नळाखाली नेऊन आणावं, तोवर ऑफिसातून शिपाईमामा माहितीचा कागद घेऊन उभे, आत्ताच्या आत्ता भरून द्या म्हणून. वह्या त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानेच तपासायच्या. चहा निवून जायचा. त्या कट्ट्याचा मला राग यायचा. बाई पाठ टेकायच्या, म्हणून फळ्याचाही यायचा. पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तो तिसऱ्या बाकामुळे.

त्या बाकावर एक मुलगी बसायची. वाचताना ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, म्हणून मुलं तिला 'पुटपुटी' म्हणत. बाई गुडघे मुडपून त्या बुटक्या बाकावर तिच्याशेजारी बसायच्या आणि तिच्या ओठांजवळ कान न्यायच्या. पुटपुटी वाचायची, बाई मान डोलवायच्या. मी ऐसपैस, दोन हातांची, रिकामी. आणि तो बाक! एक पाय आखूड, वर कुणीतरी कर्कटकाने कोरलेलं. त्याच्यात काय एवढं ठेवलं होतं?

एक दिवस मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, व्हरांड्यातून चालल्या होत्या. दाराच्या काचेतून त्यांना मी रिकामी दिसले. बाई कुठेच दिसल्या नाहीत. त्या तरातरा आत आल्या आणि वर्ग वाऱ्यावर सोडून बाई गेल्या कुठे, म्हणून गरजल्या. तिसऱ्या बाकावरून, मुलांच्या डोक्यांमधून बाई उठल्या. "इथेच आहे मी." मुलं खो खो हसली आणि मोठ्या बाईंचा पारा आणखी चढला. उद्यापासून खुर्चीत बसायचं, दारातून पाहिलं की तुम्ही दिसायला हव्यात, असं त्यांनी बजावलं.

मी तर हुरळूनच गेले. दुसऱ्या दिवशी बाई खरंच बसल्या. तिसऱ्या बाकाकडे मी असं पाहिलं म्हणता! पण बाई बसल्या त्या कडेवर, ताठ, पाठ न टेकता. नजर सारखी तिकडेच. पुटपुटीचे ओठ हलायचे, पण माझ्यापर्यंत काही ऐकू यायचं नाही. हळूहळू ते हलायचेही थांबले. मला त्याचं वाईट वाटलं म्हणाल, तर मुळीच नाही. मला बाई हव्या होत्या, आणि त्या माझ्यावर बसूनही मला मिळत नव्हत्या.

मग वाचनाची परीक्षा आली. मोठ्या बाई स्वतः एकेकाचं वाचन ऐकणार होत्या. जो वाचणार नाही तो पुन्हा चौथीतच, आणि ठपका बाईंवर. पुटपुटीची पाळी आली. ती पुस्तक धरून उभी राहिली, पण तोंडातून अक्षर फुटेना. मोठ्या बाईंनी पेन उघडलं.

बाई माझ्यावरून उठल्या. मोठ्या बाईंच्या नाकावर टिच्चून तिसऱ्या बाकाशी गेल्या आणि गुडघे मुडपून बसल्या. बसताना त्या कळवळल्या. गेल्या पुन्हा तिकडेच, मी मनात म्हटलं, आणि माझा नुसता जळफळाट झाला.

पुटपुटीने बाईंच्या पायांकडे पाहिलं. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "बाई, इथं तुमचे गुडघे दुखतात. तुम्ही खुर्चीवर बसा, मी तिथं येऊन वाचते."

बाईंना उठायलाच सुचेना. तिनेच त्यांना हाताला धरून माझ्यापर्यंत आणलं, बसवलं, आणि माझ्या हाताला गच्च धरून धडा वाचला. अडखळली, पण शेवटपर्यंत वाचला. मोठ्या बाईंनी पेन मिटलं. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, यापुढे तुम्हाला हवं तिथं बसत जा."

त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा माझ्यावर पाठ टेकली. डोळे पुसले. सरांच्या वजनाने मी कधी करकरले नव्हते, त्या दिवशी करकरले.

दुसऱ्या दिवसापासून बाई पुन्हा वर्गभर फिरू लागल्या आणि मी पुन्हा जळू लागले. म्हणून मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला रंग देऊ नका, माझी धूळही झटकू नका. तुमच्या वर्गातल्या बाई सकाळपासून उभ्या असतील. त्यांना कुणीतरी एकदा "बसा" म्हणा. त्यांना स्वतःहून ते सुचत नाही.