भंगारवालीचा खण

ऑफिसात तिला सगळे भंगारवाली म्हणत, तेही तोंडावर. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात अकरा जुने फोन होते. कुणी नवा फोन घेतला की ही जुना मागून घ्यायची आणि ऑफिसात बनलेली प्रत्येक वेबसाइट त्या अकराही फोनांवर उघडून बघायची. चुका शोधायचाच पगार होता तिला, पण पगार घेऊन एवढी हौस कोण करतं?

या वेळची वेबसाइट होती हॉस्पिटलच्या फिजिओथेरपी विभागाची. घरबसल्या वेळ ठरवायची, रांग बंद. त्या रांगेत आठवड्यातून दोनदा हिची मावशी उभी असायची. हिला लहानाचं मोठं केलेली मावशी, खुब्याचं ऑपरेशन झालेली, सकाळी सहाला काठी टेकत नंबर लावणारी. तिचा फोन खणातल्या सगळ्यात जुन्या फोनसारखाच होता, आणि नेमकं त्यावर ‘वेळ नक्की करा’ हे बटण दिसतच नव्हतं. त्यातल्या जुन्या ब्राउझरला पानाच्या उंचीचा नवा नियम कळत नव्हता, म्हणून बटण पानाच्याच खालच्या पट्टीमागे दडून बसायचं.

तिनं टीमच्या साहेबांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, “माझ्याकडे चालतंय.”

चालणारच. साहेबांचा आवडता ब्राउझर तोच सगळ्या टीमचा. आपलाच आरसा, आपलंच तोंड! शेवटी तिनं स्वतःच खटपट करून दुरुस्ती लिहिली. ती साहेबांच्या परवानगीसाठी नऊ दिवस पडून होती.

दहाव्या दिवशी हॉस्पिटलात वेबसाइट दाखवायची होती. साहेबांच्या चकचकीत लॅपटॉपवर सगळं लोण्यासारखं झालं. मेट्रनबाई खूश. त्यांनी मंजुरीच्या कागदावर पेन टेकवलं आणि ही पुढे सरकली. बोललं तर आपल्याच माणसांचं हसं होणार. नाही बोललं तर मावशी रांगेतच राहणार.

“बाई, सही करायच्या आधी तुमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडून बघाल?”

साहेबांनी डोळे वटारले. काउंटरवरचं ते जुनंपुराणं यंत्र घुं घुं करत जागं झालं. पान उघडलं. तारीख निवडली, वेळ निवडली. मेट्रनबाईंनी माउस वर नेला, खाली नेला.

“आता दाबू कुठे?”

“माझ्याकडे चालतंय,” साहेब सवयीनं बोलून गेले.

“मग सगळे पेशंट तुमच्याकडेच पाठवू का?”

काउंटरवरची नर्स फस्सकन हसली. साहेबांचा चेहरा पडला.

“साहेब, माझी दुरुस्ती तयार आहे,” ती म्हणाली. “नव्या नियमाच्या आधी जुना नियम लिहिलाय. ज्याला नवा कळत नाही, तो जुना पाळेल. अकरा फोनांवर तपासलंय.”

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा मेट्रनबाईंच्या हातातल्या पेनाकडे. “टाक,” ते म्हणाले.

दहा मिनिटांत तिनं दुरुस्ती चढवली. मेट्रनबाईंनी पान पुन्हा उघडलं, आणि बटण हजर! हिरवंगार, ठसठशीत, अगदी बोटाखाली. सही झाली. तिला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं.

परतताना साहेब म्हणाले, “घरी माझे दोन जुने फोन पडलेत. उद्या आणतो.”

“खण भरलाय. दुसरा द्यावा लागेल,” ती म्हणाली, आणि या खेपेला साहेबही हसले.

सोमवारी वेबसाइट सुरू झाली. नऊच्या ठोक्याला तिचा फोन वाजला.

“अगं, उद्याचा पहिला नंबर लागला माझा! बसल्या जागी, याच फोनवरून!” मावशी ओरडतच होती. “पण वेळ आठची मिळालीय. आता सहाला उठून मी करू काय?”

“झोप, मावशी,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.