वारस नसलेल्या घरांचा शब्द

मी एस्चीट बोलतोय. नाव ऐकून दचकू नका, इंग्रजांनाही मी आता फारसा आठवत नाही. मी एक क्रियापद. रिहे गावात, वकिली शिकणाऱ्या जुईलीच्या कायद्याच्या शब्दकोशात राहतो.

जन्मलो लॅटिनमध्ये. अर्थ एवढाच, निसटून खाली पडणं. फ्रान्समध्ये 'वाट्याला पडणं' झालो. इंग्लंडात मला काम मिळालं. वारस न ठेवता माणूस मेला की त्याची जमीन राजाकडे किंवा सरदाराकडे जायची, त्या जाण्याला माझं नाव. शेकडो वर्षं मी विझलेल्या चुलींच्या घरांत शिरलो. ती घरं अजून माझ्या अंगात आहेत.

मग राजाचे कारकून सोकावले. वारस दारात उभा असतानाही 'कुणी नाही' असं लिहून जमिनी उचलू लागले. लोकांनी माझ्या नावाची सुरुवात मोडली आणि उरलेल्या तुकड्यातून फसवणुकीला शब्द केला, चीट. तो माझा मुलगा. जगभर फिरतो, बापाला ओळखत नाही.

गेल्या आठवड्यात दुपारी जुईली मला वाचत होती. तेवढ्यात तिचे काका, कैलास, आले. हातात हिरवी साडी, साडीखाली हक्कसोडपत्र. जुईलीचे वडील एकनाथ जाऊन दहा महिने झालेत. ओढ्याकाठचं भातखाचर अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि आजूबाजूला फार्महाऊस उठलीत.

"सही कर, बाय. रीतच हाय. एकनाथाला वारस न्हाई."

"मग मी कोण?"

"तू लेक. उद्या परक्या घरची."

"आणि आई?"

"वहिनींना मी बघतोय की."

तिची आई उषा चहा गाळत होती. तिचा हात थांबला.

हा आवाज ओळखीचा होता, त्या कारकुनांचा. मोठ्या माणसांना कसं कळत नाही, नुसतं 'कुणी नाही' म्हटल्याने घर रिकामं होत नसतं?

जुईलीने साडी काकांच्या मांडीवर ठेवली. "ही आत्याला न्या. तिच्या सहीच्या वेळी दिलेली एव्हाना विरली असेल."

"लई शिकलीस."

"व्हय. तुमीच म्हणत होता, शिकवू नका."

काका चहा न घेता गेले. जुईलीने खाचराचा सातबारा माझ्या पानात ठेवून मला मिटलं.

तेव्हापासून एकनाथचं नाव माझ्या अंगावर पडून आहे. अंधारात आम्ही दोघंच. त्याला वाटतं, मी जमीन न्यायला आलोय. मी रोज सांगतो, भिऊ नकोस, तुझ्या घरात अजून कुणीतरी भांडतंय.

तुम्हालाही सांगतो. लेक समोर बसलेली असताना मला हाक मारू नका. माझ्याआधी माझा मुलगा घरात शिरतो.