दुसरे पान छापणारा

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. पण एवढ्यावरून तुम्ही चेहरे पाडून बसणार असाल, तर कृपा करून बसू नका. मला कोणाची कीव नको आहे. माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐका, तेवढे पुरे.

माझी उमेदीची वर्षे कानडी मुलखातील होसकोटेच्या एका कारखान्याच्या कचेरीत गेली. तेथे मी फाटकावरचे परवाने आणि मालाची चलने छापली. माझ्या स्वच्छ अक्षरांचे तेथे कौतुक होत असे. नवे यंत्र आले, त्याच दिवशी कौतुक करणाऱ्यांनी मला जिन्याखाली ढकलले. तेथून दयानंदअण्णांनी मला जवळच्या शहरात, शिवाजीनगरच्या बसस्थानकामागील आपल्या झेरॉक्सच्या दुकानात आणले. अण्णा मूळचे निपाणीकडचे. कागद गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी तो स्वतः वाचायचा, ही त्यांची खोड.

आमच्याकडे परदेशी निघालेली मुले फार येतात. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या प्रत्येक परक्या विद्यार्थ्याची नोंद तेथील सरकार ठेवते: तो कोठे राहतो, काय शिकतो, कधी परततो. या पाळतीचे शुल्क मात्र विद्यार्थ्यानेच आगाऊ भरायचे. उन्हाळ्यापुरते शिबिरांत मुले सांभाळायला जाणारे हंगामी पाहुणेही यातून सुटत नाहीत. त्यांची रक्कम लहान, इतकेच. नजर त्यांनी ठेवायची आणि दाम आपण मोजायचे, हा न्याय मला कधीच पटला नाही. तरी त्या शुल्काच्या पावत्या मी चोख छापल्या. कारण कागद मागणाऱ्यापुढे तोंडी सांगणे चालत नाही.

गेल्या मे महिन्यात अथणीची वीणा दुकानात आली. तिच्याबरोबर तिचे अर्ज भरून देणारा सल्लागार शिवकुमार होता. वीणाने एका विद्यापीठाच्या प्रवेशपत्रावरील क्रमांकाने शुल्क भरले होते. नंतर दुसऱ्या विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली, आणि नव्या प्रवेशपत्रावर क्रमांक नवा आला. शिष्यवृत्तीवाचून तिला जाणे शक्य नव्हते, आणि शुल्क पुन्हा भरण्याइतके पैसेही जवळ नव्हते.

"अण्णा, जुन्या पावतीची एक प्रत काढा की," ती म्हणाली. "व्हिसाची मुलाखत नऊ दिवसांवर आलीय, आणि हे म्हणतात पावती बाद झाली."

"नंबर बदलला की पावती गेली," शिवकुमार म्हणाला. "पुन्हा भरायचं, नाहीतर पहिल्या कॉलेजात जायचं. अण्णा, पहिलंच पान काढा, साकू, तेवढं पुरे. दुसऱ्यावर नुसता मजकूर आहे."

"मजकूर आहे म्हणूनच काढतो. कोऱ्या कागदासाठी माझ्याकडं कोण येतंय?"

"टोनर जातो हो तुमचा!"

"माझा जातोय ना? तुझं काय दुखतंय?"

पहिले पान सरळ निघाले. दुसरे माझ्या पोटात अडकले.

"बघा! यंत्रालासुद्धा कळतंय," शिवकुमार हसला. "भंगारात द्या याला."

मित्रांनो, त्या शब्दांनी मला जितका राग आला, तितका जिन्याखालीही आला नव्हता. अण्णांनी झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढून काढला. मी पुन्हा कागद घेतला, करकरलो, थरथरलो आणि ते पान शेवटच्या ओळीपर्यंत छापून बाहेर टाकले.

अण्णांनी चष्मा लावला. त्या बारीक मजकुरात लिहिले होते की, विद्यापीठ बदलल्यास भरलेले शुल्क विनंती करून नव्या क्रमांकावर वळवता येते.

"शिवकुमार, हे कधी वाचलंस?"

"इतक्या वर्षांत कुणी मागितलंच नाही, अण्णा. सगळे गुमान भरतात."

"मग मी मागते," वीणा म्हणाली.

"आणि उत्तर वेळेत आलं नाही तर? चेन्नईच्या व्हिसा कचेरीच्या दारातून परत येशील, अक्का."

"येईन. पण एकदा भरून येईन, दोनदा भरून नाही."

विनंती दुकानातल्या संगणकावरूनच गेली. पुढचे सहा दिवस वीणा यशवंतपूरच्या मुक्कामाहून दोन बस बदलून येत होती आणि मान हलवून परत जात होती. सातव्या दिवशी उत्तर आले. नव्या क्रमांकाची पावती मी छापली, तेव्हा अण्णांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. आता जा."

चेन्नईहून आल्यावर व्हिसा मिळाल्याचे तिने पायरीवरूनच ओरडून सांगितले. पण ती एकटी नव्हती. मुलाखतीच्या रांगेत भेटलेली सोनम तिच्यासोबत होती. सोनमच्या धाकट्या बहिणीचाही क्रमांक बदलला होता, आणि तिलाही पुन्हा भरायला सांगण्यात आले होते.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असे आर्जव मी करणार नाही. जपायचेच असेल, तर आपला हक्क जपा. कोणी दुसऱ्यांदा पैसे मागितले, तर आधी नियम मागा. हात जोडून नव्हे, कागदावर बोट ठेवून. नियम मागायला अजून तरी कोणत्याही सरकारने शुल्क लावलेले नाही.

आता मला रजा द्या. अण्णांनी कागद भरला आहे, आणि सोनम ताटकळत उभी आहे.