खोल्या, जेवण, रस्ता

टॅबखालची ती निळी रेघ... ‘खोल्या’वरून ‘जेवण’वर सरकली, ‘जेवण’वरून ‘रस्ता’वर, अगदी शहाण्या मुलीसारखी, पण खाली पान कोरंच. सोनालीनं पुन्हा क्लिक केलं. पुन्हा कोरं. अक्कलकोटच्या एका भक्तनिवासाची वेबसाइट, टॅब तीन, आणि प्रत्येकासाठी तोच कोड उतरवून काढून काल तिनं ती चालवूनही दाखवली होती, तर कंपनीत तिचं काम तपासणारे अनिलकुमार सर म्हणाले, "उद्या दहा टॅब आले की दहा वेळा उतरवणार का, मॅडम?" एकाच कोडमध्ये सगळे टॅब बसवायचे, आज एक वाजेपर्यंत, नाहीतर पुन्हा वेबसाइटसाठी फोटो कापायच्या कामावर. फोटो कापणं काही वाईट नव्हतं... पण ते ‘मॅडम’ तिला झोंबलं होतं.

"झालं का गं तुजं?" आई शेजारी शेंगा फोडत बसली होती.

"न्हाय अजून."

खरं तर सोपं होतं. ज्या टॅबवर क्लिक होईल त्याचं नाव एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडमधल्या एका डब्यात, ठेवायचं, आणि त्या नावाचा मजकूर शोधून उघडायचा. व्हेरिएबललाही तिनं ‘नाव’ असंच म्हटलं होतं. ओळ पुन्हा वाचता वाचता कुठूनसं नातेपुत्याच्या शाळेचं ऑफिस आठवलं... तिला पहिलीत घालायचं होतं, वडील बिरुदेव मेंढरं घेऊन लांब गेलेले, टेबलामागचा माणूस विचारतोय, "वडलांचं नाव?" आणि नवऱ्याचं नाव कधी तोंडावाटे न काढलेली आई खाली बघून म्हणतेय, "आमचं मालक." त्यानं सरळ लिहिलं, मालक! चौथीपर्यंत हजेरीत सोनाली मालक. बिरुदेवाची पोरगी कुणी शोधत आलं असतं तर सापडलीच नसती. तिला हसू आलं, आणि हसता हसताच... अगं, मी तरी दुसरं काय केलंय? अवतरणचिन्हांत ‘नाव’ हा शब्दच घालून ठेवलाय, डब्यातलं ‘खोल्या’ राहिलं बाजूला, आणि पान बिचारं ‘नाव’ नावाचा मजकूर शोधत बसलंय!

तिनं शब्द अवतरणचिन्हांच्या बाहेर काढला. खोल्या उघडल्या. जेवण. रस्ता.

लिंक पाठवायला घेतलेलं बोट थांबलं. तिनं चौथा टॅब आणि त्याचा मजकूर घातला, ‘आरती’. टॅब उघडणाऱ्या कोडला हात लावला नाही, आणि तरी तो उघडला. याच्याबद्दल तर मी कोडला काहीच सांगितलं नव्हतं... ती बघतच राहिली.

"एक वाजत आला की गं," आई म्हणाली.

"वाजू दे की."

सरांनी विचारलं तर हे कसं चालतं ते आता पहिल्यापासून सांगता येणार होतं, ही खात्री तिला इतकी नवी होती, इतकी आपली होती, की ती थोडा वेळ कुणालाच सांगू नये असं तिला वाटलं.