जावईबापूंची फायरवॉल

जावईबापू सर्व्हर सांभाळायचे, आणि सांभाळण्यापेक्षा त्याबद्दल बोलायचे जास्त. त्यांचा लिनक्सचा सर्व्हर मात्र होता दुसऱ्या गावी, सासूबाईंच्या मागच्या खोलीत. तिथे वीज जात नसे आणि भाडंही द्यावं लागत नसे. "आई, याला फडकंसुद्धा लावायचं नाही," अशी ताकीद ते देऊन आले होते. सासूबाईंनी ती पाळली आणि मशीनवर धुळीचा थर चढला.

त्या सकाळी त्यांना सुरक्षेचा उमाळा आला. घरबसल्या सर्व्हरमध्ये शिरून त्यांनी फायरवॉल चालू केली. बाहेरून येणाऱ्या सगळ्यांना दार बंद! आधी स्वतःपुरती फट ठेवायची असते, तेवढंच शहाणे विसरले. घराबाहेर उभं राहून आतली कडी लावण्याचा हा पराक्रम या धंद्यात सगळेच एकदा करतात. जावईबापू दुसऱ्यांदा करत होते.

लगेच दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांच्या पेशंटांची नावनोंदणी त्याच मशीनवर चालायची. "दवाखाना उघडेपर्यंत वेबसाइट सुरू झाली नाही, तर काम दुसऱ्याला देते." गिऱ्हाईक हे एवढंच. बायकोची नजर चुकवत जावईबापूंनी सासरी फोन लावला.

"आई, जरा मशीनपाशी बसता?"

"हात लावला तर चालेल ना?"

"चालेल हो! कीबोर्डवर आर, ओ, ओ, टी लिहा. एंटर. आता पासवर्ड मागेल."

"मागतंय. सांगा."

जावईबापूंना पासवर्ड आठवला आणि दरदरून घाम फुटला. पण इलाज नव्हता.

"एम, एच, ए, टी, ए, आर, आय."

"पडद्यावर काहीच उमटत नाहीये."

"पासवर्ड दिसत नसतो, आई. सी, एच, आय. के, ए, टी. परत के, ए, टी."

मग सासूबाई एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, "म्हातारीची कटकट."

एव्हाना जावईबापूंच्या शेजारी येऊन बसलेली बायको तोंडाला पदर लावून आत पळाली.

"मशीन जुनं आहे ना, आई. त्याची फार कटकट..."

"एंटर दाबू?"

"दाबा."

मशीन उघडलं. यू, एफ, डब्ल्यू, मग जागा सोडून डिसेबल, असं एकेक अक्षर सांगून त्यांनी फायरवॉल उतरवली. दवाखाना उघडायच्या आत वेबसाइट सुरू झाली आणि डॉक्टरीणबाई निवल्या. जावईबापूंना रडूच यायचं बाकी होतं.

"आई, तुमचे उपकार कसे..."

"ते राहू द्या. हा पासवर्ड बदलतात कसा?"

नाही म्हणायला त्यांना तोंडच उरलं नव्हतं. त्यांनी कमांड सांगितली. पलीकडे बराच वेळ कीबोर्ड खडखडला.

"काय ठेवलात, आई?"

"लागेल तेव्हा इकडे या, मी टाइप करून देईन," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही तेवढं भिंतीकडे तोंड करून उभे राहा."