तक्रार नव्हती, आभार होते

थोरली सकाळी जमिनीवर पाय टेकवायच्या आधी देवाचे आभार मानायची. डोळे उघडले, आभार. नळाला पाणी आलं, आभार. बस चुकली, तर दुसरी येणार आहे म्हणून आभार. बारा वर्षं हा नेम तिनं मोडला नव्हता आणि त्यात तिळभर ढोंग नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. ढोंगी बाईची गोष्ट सांगायला सोपी असते. ही तशी नाही.

नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. बाकी घरात सासू, नणंद आणि ती. थोरली सून म्हणून थोरली. लाँड्रीतही तेच नाव चिकटलं. नणंदेला सगळे चिमणी म्हणत, कारण तिची टकळी झोपेतसुद्धा बंद व्हायची नाही. दोघी एकाच लाँड्रीत कामाला. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे यायच्या. मालक त्यांच्याच चर्चचा, पहिल्या बाकावर बसणारा, आणि अर्ध्या मंडळीची चूल त्याच्या जिवावर पेटायची.

इस्त्रीच्या मोठ्या मशीनला दोन तापलेले रूळ होते. दोन बायकांनी ओली चादर दोन टोकांना धरायची आणि रुळांच्या तोंडी द्यायची. तोंडाशी एक आडवी पट्टी असते. बोट तिला लागलं की मशीन जागच्या जागी थांबतं. पण जाड चादरही तिला लागायची, दिवसातून वीसदा काम अडायचं, म्हणून मुकादमानं पट्टी वर उचलून तारेनं बांधून टाकली होती.

एका मंगळवारी थोरलीची बाही चादरीबरोबर आत ओढली गेली. पट्टी हललीसुद्धा नाही. बाही खांद्यापासून टरकन फाटली म्हणून हात सुटला. तळव्याला चटका बसला, तेवढंच.

त्यांच्या चर्चमध्ये दर रविवारी उपदेशाआधी आभाराची वेळ असायची. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून आठवड्यात देवानं काय केलं ते सांगायचं. थोरली उभी राहिली. भाजलेला तळवा वर धरून म्हणाली, "मशीनची पट्टी चालली नाही, पण प्रभूचा हात चालला." ऐंशी माणसं एका सुरात "आमेन" म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज मालकाचा.

पट्टी का चालली नाही, हे कुणी विचारलं नाही. आभारात प्रश्न विचारायचा नसतो.

सोमवारी मालकानं तिला मशीनवरून काढून घड्यांच्या टेबलावर दिलं. बसून काम, पंख्याखाली. तिच्या जागी चिमणीला घेतलं. चिमणी आतापर्यंत रोजावर होती, ती कायम झाली. त्या संध्याकाळी जेवणाआधी, घरच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकीनं एकेका गोष्टीचे आभार मानले. थोरलीनं दोन गोष्टींचे मानले. टेबलाचे आणि चिमणीच्या जागेचे.

पंचविसाव्या दिवशी त्या मशीननं चिमणीच्या उजव्या हाताची चार बोटं नेली.

हॉस्पिटलातून घरी आणल्यावर चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. सासूनं चहा टाकला. साहेबांनी प्रार्थना केली, मग घसा साफ केला.

"बाळ, या रविवारी उभी राहशील? दोन शब्द. जीव वाचला त्याबद्दल. लोकांचा विश्वास वाढतो."

चिमणीनं बँडेज बांधलेला हात मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. "साहेब, कशाचे मानू? डावा शाबूत आहे म्हणून? आणि डावाही गेला असता तर? पायांचे?"

"अगं, साहेबांशी कसं बोलतेस!" सासू ओरडली.

"बोलू दे आई, तोंड नाही गेलं मशीनमध्ये." ती हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "मला एक कळत नाही. हॉस्पिटलात कारखान्यांच्या इन्स्पेक्टर बाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या, त्या मशीनला हात वाचवणारी पट्टी असते. मी तर ती नेहमी वरच बघितली. मला वाटलं, ती तशीच असते. एवढ्या बायका होत्या तिथे, एकीला सांगता आलं नाही?"

ज्या रविवारी थोरली उभी राहिली, त्या रविवारी चिमणी तापानं घरी पडून होती; तिला फक्त चटका ठाऊक होता. थोरलीनं साहेबांकडे पाहिलं. साहेब कपात पाहत होते. कपातला चहा कधीच संपला होता.

दाराशी चपला घालताना ते थोरलीला हळूच म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस. आभार मानणं चूक नसतं."

"चूक नसतं," थोरली म्हणाली. "पण मी आरडाओरडा केला असता तर कुणीतरी तार बघायला गेलं असतं. मी आभार मानले, आणि सगळे जेवायला घरी गेले. तुम्हीपण."

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर बाई लाँड्रीत आल्या. तार केव्हाच गायब होती. पट्टी नव्या नवरीसारखी खाली बसली होती. मुकादमानं बोट लावून मशीन थांबवून दाखवलं, तेही तीन वेळा.

"ही पट्टी आधी कधी बंद होती?" बाईंनी विचारलं.

"छे हो," मालक म्हणाला. "बावीस वर्षांत एकाही बाईची तक्रार नाही. पोरगी अंमळ चंचल होती, गप्पांचा नाद."

थोरलीच्या हातात अर्धी घडी घातलेली चादर होती. ती तिनं खाली टाकली.

"तक्रार नव्हती," ती म्हणाली. "आभार होते. माझा हात गेला होता आत. पट्टी चालली नाही हे मी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. मालक पहिल्या बाकावर होते. सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणाले."

"ते देवाच्या घरातलं बोलणं!" मालकाचा चेहरा रुळांसारखा तापला. "ते इथे कुठे आणतेस?"

"अजून कुणी ऐकलं होतं?" बाईंनी विचारलं.

"या सगळ्यांनी."

नऊ बायका होत्या. नऊही जणींनी माना खाली घातल्या. एक चादरीचा डाग खरवडू लागली, जो तिथे नव्हताच. मोठ्या देवभक्त बायका सगळ्या! इन्स्पेक्टर बाईंनी थोरलीचं म्हणणं लिहून घेतलं, सही घेतली आणि गेल्या. गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत मुकादम म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

बसमध्ये तिच्या तोंडून आभार निघाले नाहीत. मालकाला सांगणं सोपं होतं. घरी सांगायचं बाकी होतं.

सासूनं ताटं मांडली होती. थोरली बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. बाही, तार, रविवार, टेबल. एकही शब्द मऊ केला नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं," चिमणी म्हणाली.

"होतं."

"आणि माझ्या जागेचे आभार तू इथे बसून मानलेस. मी समोर होते."

"मानले."

"मागे घे."

"चिमणे, असं करतात का कुठे," सासू कळवळली. "देवाला दिलेलं मागे घ्यायचं नसतं गं."

"त्यानं माझी बोटं घेतली, ती देतोय का परत? वहिनी, मागे घे. मोठ्यानं. मला ऐकू दे."

थोरलीनं डोळे मिटले. बारा वर्षांत या तोंडाला एकच वाट ठाऊक होती. उलटी वाट सापडेना. शेवटी ती म्हणाली, "प्रभू, चिमणीच्या जागेचे जे आभार मी मानले, ते खरे नव्हते. मी सुटले म्हणून आनंद झाला होता, आणि त्याला मी तुझं नाव दिलं. ते धरू नकोस."

सासू ताटावरून उठून आत गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

चिमणीनं डाव्या हातानं घास उचलला. अर्धा मांडीवर सांडला. थोरली पुढे झाली, तशी ती म्हणाली, "हात लावू नकोस. मी शिकणार आहे." दुसरा घासही सांडला. तिसरा कसाबसा तोंडात गेला.

"माझा राग गेलेला नाही," ती चावता चावता म्हणाली.

"जाऊ नये," थोरली म्हणाली आणि समोर बसली.